चोरपकड कुलूप आणि त्याची पहिली शिकार

सभा चारला होती. आत्या तीनलाच आली, आणि चपला काढायच्या आधी तिने धाकट्याला मिठी मारली.

आत्या मिठ्या मारणाऱ्यांपैकी नव्हे. तीस वर्षं शाळेत गणित शिकवून ती निवृत्त झाली होती, आणि त्या तीस वर्षांत तिने कुणाला जवळ घेतल्याचं कुणाच्या स्मरणात नाही. पण धाकटा व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्यापासून, म्हणजे गेले अकरा महिने, ती दर भेटीत त्याला कवेत घेई, नाक त्याच्या कॉलरीजवळ नेई, एक खोल श्वास ओढून घेई आणि "बरा आहेस ना?" असं विचारून सोडून देई. उत्तर तिला आधीच मिळालेलं असे. धाकटाही आताशा मान जराशी डावीकडे कलती करून तिची सोय बघत असे. एकोणचाळिसाव्या वर्षी माणसाला कुणी इतकं मन लावून हुंगतं, यातही एक माया असते, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

"साबण बदललास," आत्या म्हणाली.

"वहिनींनी आणला."

"बरा आहे," असा निकाल देऊन ती जिना चढून वर गेली.

खाली दुकान आणि वर घर, अशी ही वास्तू. दुकान कुलपांचं. आजोबांनी काढलेलं, बाबांनी वाढवलेलं, आणि बाबांच्या मागे काकांनी डोळ्यांत तेल घालून सांभाळलेलं. घरात कुलपांचा धंदा असला की एक पंचाईत होते: काळजी वाटली की माणसं कुलूप लावतात. धाकटा केंद्रातून परत आला त्या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाने, दुसऱ्याला न सांगता, दुकानातून एकेक कुलूप वर नेलं. वहिनींनी व्हिनेगरच्या कपाटाला लावलं. थोरल्याने दाढीनंतर लावायच्या पाण्याला लावलं. आत्या या घरात राहतही नव्हती, पण तिने येऊन खोकल्याच्या औषधाला लावलं आणि किल्ली घेऊन गेली, त्यामुळे त्या हिवाळ्यात सगळं घर तिच्या सवडीने खोकलं. वहिनींना साधा चहा करायचा तर तीन किल्ल्या लागत. व्हिनेगरच्या कपाटात साखरही असे.

आणि यातलं प्रत्येक कुलूप धाकटा वाकवलेल्या तारेने पाणी उकळायच्या आत उघडू शकत होता. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच कुणी बोलत नसे. धाकटाही बोलत नसे. पहाटे चहाची तलफ आली तर तो वहिनी उठेपर्यंत सभ्यपणे वाट बघत बसे.

आजच्या सभेपुढे विषय एकच होता. पिशवी.

पिशवी म्हणजे आजोबांची चामड्याची तपकिरी पिशवी. आकडे, तारा, बारीक कानशी, आणि ज्यांना नावं नाहीत पण ज्यांच्यावाचून हात लुळा पडतो अशी पंधरा-वीस हत्यारं. आजोबांकडून ती बाबांकडे आली आणि बाबांकडून धाकट्याकडे. थोरल्याकडे का नाही, हे विचारायची गरज नव्हती. थोरला यंत्रावर किल्ल्या छान कापायचा, गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा, पण बंद कुलपापुढे बसला की त्याचा चेहरा परीक्षेतल्या मुलासारखा व्हायचा. धाकट्याच्या बोटांना मात्र कान होते.

दीड वर्षापूर्वी एका दंतवैद्याची किल्ली हरवली म्हणून धाकट्याने त्याच्या घराचं दार उघडून दिलं. दंतवैद्य खाली गाडी लावायला गेला, तेवढ्यात धाकट्याने कुणी न सांगता दिवाणखान्यातलं दारूचं कपाटही उघडलं. दंतवैद्य वर आला तेव्हा कारागीर त्याच्याच घरातल्या दवाखान्याच्या खुर्चीत, तोंड उघडं ठेवून, गाढ झोपला होता. काकांनी त्या दिवशी पिशवी काढून घेतली. तेव्हापासून धाकटा गल्ल्यावर बसून तयार कुलपं विकत होता, बिस्किटं विकावीत तशी. आज ठरायचं होतं की पिशवी त्याला परत द्यायची, की काकांच्या मनात होतं त्याप्रमाणे ती काचेच्या पेटीत घालून दुकानात आजोबांच्या फोटोखाली कायमची मांडायची. धाकट्याच्या लेखी ती पेटी त्याचीच असणार होती. हार तेवढा राहिला असता.

म्हणून सकाळपासून त्याच्या छातीवर भाडेकरू येऊन बसला होता.

दारू सुटेल का, हे केंद्रात सगळ्यांनी त्याला विचारलं होतं. ती सुटल्यावर खालून काय निघेल, हे कुणी विचारलं नव्हतं. खालून भीती निघाली, हाच तो भाडेकरू. कशाची म्हणून विचाराल तर कशाचीच नाही. दात घासताना यायची, फोन वाजला की यायची, आणि फोन वाजला नाही की जास्त यायची. छातीत धडधड, तळव्यांना घाम, बोटं थरथर. वीस वर्षं तो तिच्यावर रोज संध्याकाळी झाकण ठेवत आला होता, एवढंच. केंद्रातल्या समुपदेशक बाई, ज्या बोलताना कायम शेंगदाणे सोलत असायच्या, त्या म्हणाल्या होत्या, "तिला हाकलायला जाऊ नका, चिडते. बसू द्या. वीस मिनिटांत कंटाळून उठते." मग त्यांनी काही साध्या गोष्टी शिकवल्या. श्वास चार आकड्यांत घ्यायचा, सहा आकड्यांत सोडायचा. हाताला लागतील त्या पाच वस्तू एकेक करून सांगायच्या. आणि तलफ आली की आधी बघायचं, भूक, राग, एकटेपणा नि थकवा, या चौघांपैकी कोण आलंय.

या शास्त्राला घरात फारशी किंमत नव्हती. आत्याचं म्हणणं, रिकाम्या डोक्याला भीती वाटते, त्याने पाढे म्हणावेत. काका तर त्याच्या श्वासाला 'फुंकणी' म्हणत. जेवताना धाकटा डोळे मिटून श्वास सोडू लागला की काका थोरल्याला म्हणत, "पेटतेय का बघ रे चूल." आपल्या पिढीला भीती वाटत नसे, कारण तेवढा वेळच नसे, असं ते सगळ्यांना सांगत.

पावणेचार वाजता सगळे वर जमले. थोरल्याने वही-पेन मांडलं. वहिनींनी तीन किल्ल्या फिरवून चहा केला. आत्याने अध्यक्षपद कुणी न देताच घेतलं. चार वाजून दहा मिनिटं झाली तरी काका आले नाहीत. आयुष्यात कधी एक मिनिट उशिरा न आलेला माणूस. मग खालून धपधप असा आवाज आला, जणू कुणीतरी लोखंडावर हाताने मारतंय. सगळे जिना उतरून दुकानामागच्या कोठीपाशी आले.

या कोठीच्या दाराला आजोबांचं चोरपकड कुलूप होतं. आजोबांनी ते स्वतः घडवलं होतं आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. दार ओढलं की आपोआप लागायचं. उघडायचं ते फक्त बाहेरून, किल्लीने. आतल्या अंगाला भोकच नव्हतं. चोर आत शिरला, घाबरून दार लावून घेतलं, की सकाळपर्यंत आपला पाहुणा, असा त्यामागचा विचार. साठ वर्षांत त्यात एकही चोर सापडला नव्हता. एकदा मांजर सापडलं होतं आणि एकदा खुद्द आजोबा. किल्ली एकच होती, कारण दुसरी बनवली तर ती चोराच्या हाती लागेल, असं आजोबांचं मत होतं.

आज सकाळी, फोनवरून आत्याच्या देखरेखीखाली, घरातली प्रत्येक बाटली या कोठीत हलवण्यात आली होती. सभेच्या दिवशी धाकट्याचं मन विचलित होऊ नये, म्हणून. काकांच्या खोलीतल्या नऊ, थोरल्याच्या कपाटातल्या 'पाहुण्यांसाठी' ठेवलेल्या दोन, आणि दुकानातली स्पिरिटची कॅन. पिशवीही तिथेच वरच्या फळीवर ठेवली होती. किल्ली काकांकडे दिली होती, कारण घरात सगळ्यांत जबाबदार माणूस तेच.

"काका, आत आहात का?" थोरल्याने दाराला तोंड लावून विचारलं.

"नाही, फिरायला गेलोय," काकांचा आवाज दारावरच्या जाळीतून आला. हवेसाठी ठेवलेली ती जाळी वीतभरच होती, आणि तिची भोकं तांदळाच्या दाण्याएवढी. दाराखाली तर मुंगीलाही फट नव्हती.

"आत कशाला गेलात?"

"कुलूप नीट लागतं का, ते बघत होतो."

"लागतं," धाकटा म्हणाला.

किल्ली कुठे आहे, हे विचारण्यात आलं. किल्ली काकांच्या खिशात होती. मग काका म्हणाले की आतला दिवा कुणीतरी बंद केला. वहिनींनी खाली बघितलं. येताजाता बटणाशेजारची लाल ठिणगी पेटलेली दिसली की बटण बंद करायचं, ही त्यांची बारा वर्षांची सवय. त्यांनी चटकन बटण दाबलं. आत फट् असा आवाज झाला आणि बल्ब उडाला.

"आता नको लावूस," काका म्हणाले. पण हे म्हणताना त्यांचा आवाज जाग्यावर नव्हता. धाकट्याने मान वर केली. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. श्वास वरच्यावर, वाक्य अर्ध्यात तुटलेलं, मधेच आवंढा.

दाराबाहेर लगेच दोन तट पडले. आत्याचं म्हणणं, समोरच्याला बोलवा. समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडच्या दुकानातला चावीवाला. त्याने पंचवीस वर्षांपूर्वी काकांच्या पाटीपेक्षा एक फूट मोठी पाटी लावली, तेव्हापासून त्याचं नाव या घरात उच्चारलेलं नव्हतं. थोरला म्हणाला, कुलूपवाल्याच्या घरी कुलूपवाला आला तर उद्यापासून दुकान उघडण्यात अर्थ नाही. आतून काका म्हणाले की समोरच्याने दार उघडलं तर आपण बाहेर येणार नाही. गॅसने दार कापायचं म्हणावं, तर आत दहा-अकरा बाटल्या आणि स्पिरिटची कॅन. तिथे काका थेट छपरातूनच बाहेर आले असते.

मग सगळ्यांच्या नजरा धाकट्याकडे वळल्या. आणि सगळ्यांच्या एकदमच काहीतरी लक्षात येऊन त्या परत दुसरीकडे वळल्या.

अकरा महिने या घराने एकच गोष्ट टाळली होती. धाकटा आणि बाटलीचं बंद दार यांची समोरासमोर गाठ. आता तेच दार त्याला उघडायला सांगायचं होतं. आत्याने डोळे बांधून उघडता येईल का, अशी चौकशी केली. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, उघडलं की लगेच पाठ फिरवा." थोरल्याने वहीत 'आयत्या वेळचे विषय' असं लिहिलं.

"पण पिशवी आत आहे," धाकटा म्हणाला.

ही खरी गंमत होती. काही क्षण सगळे त्या गमतीकडे बघत राहिले. मग धाकट्याने आत्याच्या हातातल्या छत्रीकडे बघितलं. आत्या ऊन असो, पाऊस असो, छत्री घेऊनच फिरे. तिने ती छातीशी धरली, मग दाराकडे बघितलं, मग निमूटपणे पुढे केली. छत्रीची काडी म्हणजे उत्तम पोलाद. धाकट्याने दोन काड्या तोडल्या, गल्ल्याजवळच्या लोखंडी शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, पकडून त्यांची टोकं कानशीने घासली, एकीला आकडा केला, दुसरी चपटी केली. एवढं होईपर्यंत ठीक होतं. ते जाड काम. पण स्टुलावर बसून त्याने आकडा किल्लीच्या भोकात घातला, आणि भाडेकरू छातीवरून उठून हातात आला. काडी भोकाच्या कडेवर टिकटिक वाजू लागली. टाइपरायटरसारखी. सगळ्यांना ऐकू गेली.

आतून काका म्हणाले, "माझ्या छातीवर काहीतरी बसलंय."

वहिनींनी जाळीशी तोंड नेऊन विचारलं की डावा हात दुखतोय का. दुखत नव्हता. मागच्याच आठवड्यात काढलेला कार्डिओग्राम काकांनी सगळ्यांना कौतुकाने दाखवला होता, अगदी पोस्टमनलाही. तरी वहिनींनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, तासाभरात पोचतो, तोवर दार उघडा आणि त्यांना शांत ठेवा. यातलं दुसरं काम या कुटुंबात कुणाला आजवर जमलं नव्हतं.

"काका," धाकटा म्हणाला, "ते जे बसलंय ना, ते माझ्याकडे रोज येतं. वीस मिनिटांत उठतं. मरायला होतं त्याने, पण मरत नाही कुणी."

"मला भीती वाटत नाहीये."

"नसेल. श्वास सोडा मात्र. घ्यायची घाई नको, तो आपला आपण येतो."

"मी फुंकणार नाही."

"बरं, नका फुंकू. हाताला काय लागतंय ते सांगा. पाच वस्तू."

आत चाचपडल्याचा आवाज झाला. "बाटली," काका म्हणाले.

"दुसरं?"

"बाटली."

"काका, बाटली सोडून."

"इथे तुम्ही सकाळपासून दुसरं ठेवलंय काय?"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. धाकट्याने काकांना खाली बसायला सांगितलं. फरशी कशी आहे? गार आहे. पाठीला काय लागतंय? भिंत. भिंत कशी आहे? उत्तर दिशेची आहे, काका म्हणाले, पण आवाज एक पायरी खाली आला होता. वास कसला येतोय, हेही त्याने विचारलं. "ते विचारू नकोस," काका म्हणाले. आत्याच्या भुवया वर गेल्या आणि तिथेच राहिल्या.

दरम्यान धाकट्याने तीन पत्त्या उचलल्या होत्या. आजोबांच्या कुलपात सात पत्त्या, म्हणजे एरवी किल्ली उचलते त्या पितळी पट्ट्या. प्रत्येक नेमकी उचलायची आणि दुसऱ्या काडीने ताण धरून ठेवायचा. पाचवी पत्ती फसवी. ती केसभर जास्त उचलली गेली की बाकीच्या सगळ्या खाली पडतात आणि पहिल्यापासून सुरुवात. धाकटा पाचवीपर्यंत पोचला, हात थरथरला, आणि आत खडखड करत सगळं खाली आलं. दुसऱ्यांदाही तेच. त्याने हात मांडीवर ठेवले. बोटं त्याची नसल्यासारखी नाचत होती.

आतून काकांचा श्वास पुन्हा वर चढला. "होतंय का रे?" त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या तोंडी हा प्रश्न घरात कुणी कधी ऐकला नव्हता.

तेव्हा आत्याने पर्स उघडली.

पर्समधून रुमाल निघाला, त्यातून दुसरा रुमाल, आणि त्यातून बोटभर उंचीची एक चपटी बाटली. ही खोकल्यासाठी, ती म्हणाली. डॉक्टरांनीच सांगितली होती, वीस वर्षांपूर्वी. घरातली प्रत्येक बाटली कोंडून झाल्यावर बाहेर राहिलेली ही एकच, आणि ती सकाळपासून अध्यक्षांच्या पर्समध्ये होती.

"एक चमचा," आत्या धाकट्याकडे न बघता म्हणाली. "हात बसण्यापुरता. औषध म्हणून. माणूस अडकलाय आत."

थोरल्याने वहिनींकडे बघितलं, वहिनींनी थोरल्याकडे, आणि मग थोरला हलक्या आवाजात म्हणाला, "एकाच चमच्याने काही होत नसेल ना रे? आज वेळच तशी आहे."

धाकट्याने बाटलीकडे बघितलं. झाकण आत्याने आधीच सैल करून ठेवलं होतं. वास आला, आणि त्याच्या तोंडात पाणी सुटलं, इतकं सरळ, इतकं ओळखीचं. खरं सांगायचं तर आत्याचं चूक नव्हतं. एका चमच्यात हात बसला असता. तो ते जाणत होता, कारण याच घरात तो ते शिकला होता. एकोणिसाव्या वर्षी, पहिल्या मोठ्या तिजोरीपुढे, हात असाच नाचत होता तेव्हा कुणीतरी त्याच्या खांद्यावर थाप मारून खिशातली चपटी बाटली पुढे केली होती आणि म्हटलं होतं, दोन घोट घे, हात बसेल. हात बसला. तिजोरी अकरा मिनिटांत उघडली. पुढली वीस वर्षं हात बसवण्यात गेली.

भूक नाही. राग थोडा. एकटेपणा नाही, उलट जरा कमी माणसं चालली असती. थकवा आहे.

"बाहेर काय चाललंय?" काकांनी विचारलं. "आवाज का बंद झाले?"

वहिनी म्हणाल्या, "आत्या भाऊजींना औषध देतायत. हात बसायला."

जाळीतून काकांचा आवाज आला, सावकाश, एकेक शब्द ठेवत. "नको देऊ त्याला. त्याला ते मी एकदा दिलंय. बंद कर ती बाटली."

आत्याने झाकण फिरवलं.

"आत्या, ती घेऊन वर जाशील का?" धाकटा म्हणाला. "लपवून नाही. सरळ जा. बेसिनमध्ये ओत, नाहीतर पी, पण इथून ने."

आत्या गेली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी सांगितलेलं तिने एका दमात ऐकलं.

"काका, आता तुम्ही मोजायचं," धाकटा म्हणाला. "मोठ्याने. घेताना चार, सोडताना सहा. मला तालाला लागतं."

"तुझ्यासाठी म्हणून मोजतो," काका म्हणाले.

"माझ्यासाठीच."

आणि काका मोजू लागले, घोगऱ्या आवाजात, हजेरी घेतल्यासारखे. धाकट्याने काडी पुन्हा आत घातली. या वेळी त्याने हाताला थांब म्हटलं नाही. थरथरतोयस, थरथर. काडी थरथरत पहिल्या पत्तीला लागली आणि पत्ती खुळखुळली. नेमकी उचलली तशी खुळखुळायची थांबली. मग दुसरी. जी खुळखुळते ती अजून बसायची आहे, जी गप्प आहे ती बसली. वीस वर्षं स्थिर हाताने त्याला हे कधी ऐकूच आलं नव्हतं. पाचवीपाशी तो थांबला, काकांच्या 'सहा'ची वाट बघितली, आणि श्वास सुटता सुटता ती केसभर, फक्त केसभर उचलली. ती गप्प झाली. सहावी. सातवी. मग आजोबांच्या कुलपाने एक जाडजूड, नाखूश आवाज केला आणि दार बाहेर आलं.

काका फरशीवर बसले होते, घामाने चिंब. ते उठले आणि बाहेर आले. तेवढ्यात आत्या जिन्यावरून खाली उतरली होती. ती भावाला बिलगली, आणि अकरा महिन्यांच्या सवयीने तिचं नाक आपोआप त्याच्या कॉलरीकडे गेलं. तिने श्वास घेतला. सगळ्यांनी बघितलं. काकांच्या कोटाच्या खिशातून काचेच्या पेल्याची कड डोकावत होती.

"दोन घोट," काका म्हणाले. "सभेला बसायचं होतं. मलाच कसंतरी होत होतं, त्याचा निकाल लावायचा म्हणून." मग म्हणाले, "दार मीच ओढून घेतलं. कुणी बघू नये म्हणून."

यावर बोलण्यासारखं खूप होतं, आणि कुणीतरी ते पुढल्या पाच वर्षांत बोललंच असतं. पण त्या घडीला सगळे दुसरीकडे बघत होते. कोठीचं दार सताड उघडं होतं. फळीवर बाटल्या रांगेने उभ्या, आणि त्यांच्या वर पिशवी. धाकटा उंबऱ्याच्या बाहेर स्टुलावर. सगळं घर श्वास रोखून त्याच्या इच्छाशक्तीचा प्रयोग बघायला उभं राहिलं.

"पिशवी कुणीतरी काढून द्या," धाकटा म्हणाला. "मी आत येणार नाही."

"अरे, पण आता एवढं सगळं झाल्यावर..." थोरला म्हणाला.

"म्हणूनच. आज माझे खेळ संपले, दादा. आणि पिशवी दिलीत तर एक अट माझी. गिऱ्हाइकाच्या घरी मला एकट्याला पाठवायचं नाही. कुणीतरी बरोबर हवं, निदान वर्षभर."

थोरल्याने वही उघडली. अट लिहून घेणं हे सभेचं काम होतं, पण ही अट ज्याच्यावर घालायची त्यानेच घातली होती, त्यामुळे ती कुठल्या मथळ्याखाली लिहावी हे त्याला कळेना. आत्या म्हणाली, लिही, मंजूर. मत कुणी मागितलं नाही आणि कुणी दिलं नाही.

पिशवी आणायला काका स्वतः पुढे झाले. उंबऱ्यापाशी मात्र ते थांबले. आत काळोख होता. त्यांनी दाराकडे बघितलं, दाराच्या कुलपाकडे बघितलं.

"दार धर," ते धाकट्याला म्हणाले.

धाकट्याने कोठीकडे पाठ केली आणि टाच दाराला लावून उभा राहिला. बोटं अजून थरथरत होती. मागून काकांची पावलं ऐकू येत होती, फळीवरून चामडं ओढल्याचा आवाज, एका बाटलीला दुसरी लागल्याचा आवाज. मग काका तिथेच थबकले. बाहेर येईनात.

"काका?"

"आलो." पण आले नाहीत. काळोखातून दबका आवाज आला, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असा. "सोडताना किती म्हणालास? सहा की सात?"

"सहा," धाकटा म्हणाला, आणि टाच तशीच लावून ठेवली.